दोन ठिकाणची घड्याळं प्रकाशानं कशी जुळवायची

टेबलावर शेजारी ठेवलेली दोन घड्याळं जुळवायला फार काही लागत नाही. दोन्ही एका नजरेत दिसतात, एकाचे काटे दुसऱ्यावर आणले की काम झालं. तीच घड्याळं तीन किलोमीटर लांब ठेवली की अडचण सुरू होते. तिकडे किती वाजले हे कळायला तिकडून काहीतरी इकडे यावं लागतं, आणि येण्यात वेळ जातो. तो वेळ मोजायचा तर दोन्ही टोकांना आधीच जुळलेली घड्याळं हवीत. म्हणजे घड्याळं जुळवायला प्रकाशाचा वेग हवा आणि वेग मोजायला जुळलेली घड्याळं हवीत.

ही गाठ आइन्स्टाइननं १९०५ च्या विशेष सापेक्षतेवरच्या निबंधाच्या पहिल्याच भागात एका व्याख्येनं सोडवली. अ पासून ब पर्यंत जायला प्रकाशाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ब पासून अ पर्यंत परतायला लागतो असं धरायचं. प्रकाशखुणा पाठवून घड्याळं जुळवण्याची कल्पना फ्रेंच गणिती प्वांकारेनं १९०० सालीच मांडली होती. आइन्स्टाइननं तिला वेळेची व्याख्याच करून टाकलं. लांबच्या दोन घटना ‘एकाच वेळी’ घडल्या म्हणजे काय, तर अशा रीतीनं जुळवलेल्या, आपापल्या जागी असलेल्या घड्याळांत त्या घडताना एकच आकडा होता. समकालिकतेला याहून वेगळा अर्थ नाही, आणि पुढची सगळी कृती याच एका वाक्यावर उभी आहे.

इथं एक घोटाळा आधीच बाजूला काढू. मुंबईत १९५५ पर्यंत ‘मुंबई वेळ’ चालायची, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. हा फरक समकालिकतेचा नव्हे. एकाच क्षणाला दोन नावं दिली होती, ३९ मिनिटं मिळवली की हिशेब पुरा. सापेक्षतेत स्थिर आणि धावत्या माणसाच्या ‘एकाच वेळी’त जो फरक पडतो, तो असा एकच आकडा मिळवून जात नाही, तो जागेनुसार बदलत जातो.

मूळ कृती

अ आणि ब ही दोन स्थिर ठिकाणं घ्या, मधलं अंतर २,९९८ मीटर. प्रकाशाला एवढं अंतर जायला जवळपास १०,००० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), म्हणजे १० मायक्रोसेकंद लागतात. आकडे सोपे राहावेत म्हणून एवढंच अंतर घेतलं आहे. खरं तर अंतर माहीत नसलं तरी चालतं, ते का ते पुढे येईलच.

प्रत्येक ठिकाणी हवं एक घड्याळ, एक लेसर किंवा रेडिओ प्रक्षेपक, एक संवेदक, आणि संकेत निघाला किंवा पोचला त्या क्षणीचा घड्याळाचा आकडा टिपणारा काळमापक. वेळा चार टिपायच्या. अ वरून संकेत निघाला ती व१, अ च्या घड्याळानुसार. ब ला पोचला ती व२, ब च्या घड्याळानुसार. ब नं उत्तर पाठवलं ती व३, ब च्या घड्याळानुसार. उत्तर अ ला मिळालं ती व४, पुन्हा अ च्या घड्याळानुसार.

समजा व१ = ०, व२ = १४,२३०, व३ = १४,७३० आणि व४ = २०,५०० नॅनोसेकंद. ब नं उत्तर द्यायला ५०० नॅनोसेकंद घेतले. ते २०,५०० मधून वजा केले की जाण्यायेण्याचे २०,००० उरतात, एका बाजूचे १०,०००. आता ब च्या घड्याळाची तफावत काढायची:

तफावत = [(व२ − व१) + (व३ − व४)] ÷ २

म्हणजे (१४,२३० − ५,७७०) ÷ २ = ४,२३०. ब चं घड्याळ ४,२३० नॅनोसेकंद पुढे आहे. तेवढं मागे घ्या, घड्याळं जुळली. संगणक इंटरनेटवरून आपलं घड्याळ लावतात तेव्हाही हेच सूत्र वापरतात, फक्त तिथे अचूकता मिलिसेकंदांची असते.

सूत्रात अंतर कुठेच आलं नाही, प्रकाशाचा वेगही आला नाही. मध्ये हवा असली तर या अंतराला प्रकाशाला सुमारे २.७ नॅनोसेकंद जास्त लागतात. पण जाताना जेवढे जास्त तेवढेच येताना, त्यामुळे तफावतीत ते उरत नाहीत. या पद्धतीची खरी ताकद इथं आहे. दोन्ही दिशांना सारखा लागू होणारा कुठलाही विलंब आपोआप कटतो. सारखा नसेल तो मात्र अर्धा आत शिरतो.

आधी चाल, मग वेळ

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे काटे जुळवायचे आणि चाल, म्हणजे घड्याळ किती जलद किंवा मंद चालतं, ती तपासायचीच नाही. साध्या क्वार्ट्‌झच्या चालीत दहा लाखात २० भागांचा फरक सहज असतो. म्हणजे दर सेकंदाला २० मायक्रोसेकंद. वरची सगळी कृती नीट करून तुम्ही ४,२३० नॅनोसेकंदांची दुरुस्ती केलीत, तर एका सेकंदानं चूक तिच्या जवळपास पाचपट झालेली असेल.

म्हणून आधी अ वरून दर सेकंदाला एक स्पंद पाठवा आणि ब ला तो कधी कधी पोचतो ते हजार स्पंदांपर्यंत टिपा. दोन स्पंदांमधलं अंतर ब च्या घड्याळात एक सेकंदाहून जास्त भरलं तर ब ची चाल जलद, कमी भरलं तर मंद. रुबिडियमच्या अणुघड्याळाच्या चालीतला फरक दहा हजार कोटीत एका भागाएवढा, म्हणजे १०⁻¹¹ धरला, तर दिवसाला सुमारे ०.८६ मायक्रोसेकंद भरतो. नॅनोसेकंदांच्या कामाला तेही दर काही मिनिटांनी पुन्हा तपासावं लागतं.

एक पथ्य आहे. या चाचणीच्या वेळी दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून हलता कामा नयेत. ब सेकंदाला ३० सेंटिमीटर दूर जात असेल, तर प्रत्येक स्पंद आधीच्यापेक्षा एक नॅनोसेकंद उशिरा पोचेल आणि तुम्हाला वाटेल चाल बिघडली आहे. शंका आली तर जाण्यायेण्याचा एकूण वेळ पाहा. तो बदलत असेल तर अंतर बदलतंय.

अर्धा शिरणारा दोष

आता प्रत्यक्षात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो ते. प्रकाशीय तंतूत प्रकाश मीटरला सुमारे ४.९ नॅनोसेकंद घेतो. नेहमीच्या कोअॅक्स केबलमध्ये संकेताला मीटरला सुमारे ५ लागतात. समजा जाण्याचा तंतू येण्याच्या तंतूपेक्षा ४० मीटर लांब आहे, कुणीतरी जादा वेटोळं कपाटात तसंच ठेवलंय. फरक १९६ नॅनोसेकंदांचा, तफावतीत शिरतात ९८. तुम्हाला ब चं घड्याळ ९८ नॅनोसेकंद पुढे दिसतं, तुम्ही ते मागे घेता, आणि मुळात बरोबर असलेलं घड्याळ ९८ नॅनोसेकंद मागे पडतं.

याची भीती एवढ्यासाठी की मोजणी हजार वेळा केली तरी हा दोष दिसत नाही. सरासरीनं यादृच्छिक गोंधळ कमी होतो, हा दोष जागचा हलत नाही. आकडे सुंदर एकसारखे येतात आणि सगळे सारखेच चुकीचे असतात.

उपाय साधा आहे. दोन्ही तंतूंची अदलाबदल करा. जो जायला होता तो यायला, यायचा तो जायला. पुन्हा तफावत काढा. पहिल्या वेळी खरी तफावत अधिक ९८ आली असेल, तर आता खरी तफावत उणे ९८ येईल. दोन्हींची सरासरी म्हणजे खरी तफावत, दोन्हींच्या फरकाचा अर्धा म्हणजे तंतूंचा दोष. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो. अदलाबदल न झालेले भाग, म्हणजे संवेदक, जोडण्या, काळमापकाच्या आतल्या तारा, यांचे विलंब मात्र वेगळे मोजावे लागतात.

एकाच तंतूतून दोन्ही दिशांना प्रकाश पाठवला तर हा प्रश्न बराचसा मिटतो. पण तेव्हा दोन दिशांना दोन वेगळ्या तरंगलांबी वापरतात आणि काचेत त्यांचा वेग किंचित वेगळा असतो. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत सुरू झालेल्या ‘व्हाइट रॅबिट’ पद्धतीत हा फरक आधी मोजून घेतात आणि एक नॅनोसेकंदाच्या आत अचूकता मिळवतात. तापमानाकडेही लक्ष ठेवावं. तंतूतला विलंब किलोमीटरमागे दर अंश सेल्सिअसला साधारण ३५ ते ४० पिकोसेकंदांनी (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) बदलतो. जमिनीत पुरलेला तंतू आणि खांबावर उन्हात लोंबणारा तंतू अशी जोडी कधीही वापरू नये.

एक जोडणी किती महागात पडते याचा नमुना ऑपेरा प्रयोगात आहे. सर्नहून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेला न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतात, असं सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर झालं. पुढच्या वर्षी उलगडा झाला. जीपीएसची वेळ मुख्य घड्याळापर्यंत आणणाऱ्या तंतूची जोडणी नीट बसली नव्हती, त्यानं सुमारे ७३ नॅनोसेकंदांचा विलंब आत घुसला होता. शिवाय वेळ मोजणाऱ्या एका आंदोलकाची (ऑसिलेटरची) चाल चुकत होती, तिचा परिणाम उलट दिशेनं होता. न्यूट्रिनो ठीक होते, घड्याळं जुळली नव्हती.

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीतही रोजचं काम याच जातीचं आहे. साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या ३० अँटेनांचे संकेत प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. प्रत्येक तंतूची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येकाचा विलंब वेगळा. तो भरून काढल्याशिवाय संकेत एकमेकांशी जुळत नाहीत.

तिसऱ्या घड्याळाची परीक्षा

दोन घड्याळं जुळली म्हणजे पद्धत बरोबर असं होत नाही. तिसरं घड्याळ क घ्या, शक्यतो तिन्हींचा त्रिकोण होईल असं. अ आणि ब जुळवा, मग ब आणि क जुळवा. आता क आणि अ यांची तफावत काढा. ती शून्य यायला हवी. आली नाही तर वर सांगितलेल्या दोषांपैकी काहीतरी राहून गेलंय.

एका परिस्थितीत मात्र सगळं निर्दोष असूनही शून्य येत नाही, ती म्हणजे फिरती जमीन. आइन्स्टाइनची व्याख्या जडत्वीय संदर्भचौकटीसाठी, म्हणजे न फिरणाऱ्या आणि वेग न बदलणाऱ्या निरीक्षकासाठी आहे, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते. विषुववृत्तावर घड्याळांची माळ लावून प्रत्येक शेजारच्याशी याच रीतीनं जुळवत पूर्ण फेरी मारली, तर शेवटचं घड्याळ पहिल्याशी सुमारे २०७ नॅनोसेकंदांनी जुळत नाही. याला सान्याक परिणाम म्हणतात. चूक किती येणार ते वेढलेल्या क्षेत्रफळावर ठरतं. पुण्याच्या अक्षांशावर तीन किलोमीटर बाजूच्या त्रिकोणात ती फक्त २ फेम्टोसेकंद, म्हणजे नॅनोसेकंदाचे २ दशलक्षांश भरते. त्यामुळे शहराएवढ्या जाळ्यात ती विसरा, खंडाएवढ्या जाळ्यात अजिबात विसरू नका. जीपीएसमध्ये म्हणूनच पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेली पण तिच्याबरोबर न फिरणारी चौकट धरतात आणि सगळ्या घड्याळांची वेळ त्या चौकटीत जुळलेली ठेवतात.

घड्याळच उचलून नेलं तर?

प्रकाशाच्या भानगडीत न पडता एक घड्याळ अ पाशी लावून ब पर्यंत नेता येतं. नेलेलं घड्याळ मागे पडतं, पण किती ते आधीच काढता येतं: अंतर × वेग ÷ (२ × प्रकाशवेगाचा वर्ग). हजार किलोमीटर अंतर ताशी ७२ किलोमीटरनं नेलं तर ०.११ नॅनोसेकंद, विमानातून ताशी ९०० नं नेलं तर १.३९ नॅनोसेकंद. वेग जितका कमी, तितकी चूक कमी, आणि वेग शून्याकडे नेत गेलं की उत्तर प्रकाशानं जुळवलेल्या घड्याळाशी येऊन मिळतं. दोन अगदी वेगळ्या रीती एकच उत्तर देतात, हे सापेक्षतेतलं एक मोठं समाधान आहे.

पण कागदावर हळू चांगलं असलं तरी व्यवहारात ते नेहमी चांगलं नाही. ताशी ७२ नं जायला जवळपास १४ तास लागतात. घड्याळाच्या चालीत १०⁻¹³ एवढीच चूक असली तरी तेवढ्या वेळात ती ५ नॅनोसेकंद होते. विमान सुमारे ४,००० सेकंदांत पोचतं, तिथे ती चूक ०.४ उरते. विमानात मात्र उंचीचा हिशेब लागतो. १० किलोमीटर उंचीवर घड्याळ जलद चालतं आणि या प्रवासात सुमारे ४.४ नॅनोसेकंद पुढे जातं. १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग यांनी सिझियम घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ पुढे गेली. तेव्हा घड्याळ न्यायचं असेल तर वेग, उंची आणि दिशा तिन्हींची नोंद प्रवासभर ठेवा.

धावत्या गाडीतली जुळवणी, ग्राफ पेपरवर

समकालिकता चौकटीनुसार बदलते हे वाचून पटत नाही, एकदा हातानं काढलं की पटतं. ग्राफ पेपर घ्या. उभा अक्ष जमिनीवरच्या वेळेचा, अर्धा सेंटिमीटर म्हणजे १ नॅनोसेकंद. आडवा अक्ष अंतराचा, अर्धा सेंटिमीटर म्हणजे प्रकाश १ नॅनोसेकंदात जातो ते अंतर, जवळपास ३० सेंटिमीटर. दोन्हींना ‘घर’ म्हणू. आता प्रकाशाची प्रत्येक रेघ ४५ अंशांतच येणार, उजवीकडे जाणारी असो की डावीकडे. गाडी उजवीकडे प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगानं जाते आहे.

बिंदू लिहिताना आधी आडवा आकडा, मग उभा. गाडीच्या मागच्या टोकाच्या घड्याळाची रेघ (०, ०) पासून (१५, २५) पर्यंत काढा. पुढच्या घड्याळाची रेघ (८, ०) पासून (२३, २५) पर्यंत. मागच्या घड्याळापासून (०, ०) ला प्रकाश सोडा, ४५ अंशांत वर उजवीकडे. तो पुढच्या घड्याळाला (२०, २०) ला गाठतो. तिथून डावीकडे ४५ अंशांत परत आणा, तो मागच्या घड्याळाला (१५, २५) ला भेटतो.

आता गाडीतली माणसं व्याख्या वापरतात. जाणं आणि येणं सारखं, म्हणून प्रकाश पुढच्या टोकाला पोचला तो क्षण मागच्या घड्याळाच्या निघण्या-परतण्याच्या बरोबर मधला. मागच्या रेघेचा मध्य (७.५, १२.५). तो (२०, २०) शी पट्टीनं जोडा. ही गाडीची ‘एकाच वेळी’ची रेघ. ती आडवी नाही, कललेली आहे, आणि तिचा चढ ७.५ भागिले १२.५, म्हणजे बरोबर ०.६.

आकडेही तपासा. या वेगाला धावतं घड्याळ ०.८ पट चालतं, म्हणून जमिनीवरच्या २५ नॅनोसेकंदांत मागचं घड्याळ २० दाखवतं. अर्धे १०. प्रकाश पोचताच पुढच्या घड्याळावर १० लावले जातात. त्याच वेळी, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं २० व्या नॅनोसेकंदाला, मागचं घड्याळ १६ दाखवत असतं. जमिनीवरून पाहता मागचं घड्याळ ६ नॅनोसेकंद पुढे. सूत्र हेच सांगतं: गाडीची स्वतःची लांबी × वेग ÷ प्रकाशवेगाचा वर्ग. ही लांबी गाडीत मोजलेली, १० घरं. जमिनीवरून दिसणारी आकुंचित ८ नव्हे. ८ घातले की ४.८ येतात आणि हिशेब चुकतो, परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथंच जातात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे परतीच्या प्रकाशाला गाडीचा वेग जोडणं. रेघ ४५ अंशांतच हवी.

इतका फरक आपल्याला कधी जाणवत नाही, कारण ५०० मीटर लांबीच्या, ताशी १०८ किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीत तो अवघा ०.१७ पिकोसेकंद असतो.

घटना ‘दिसणं’ आणि ‘घडणं’ यांची गल्लत इथंही टाळायची. सूर्याचा प्रकाश यायला ८ मिनिटांहून जास्त लागतात, म्हणून दिसताना उशीर होतो. तो उशीर प्रत्येक चौकटीत वजा केल्यावरच वरचा फरक उरतो. डोळ्यांना झालेला तो भास नव्हे.

एक प्रश्न हमखास येतो: जाण्यायेण्याला अर्धा-अर्धा वेळ धरणं प्रयोगानं सिद्ध करता येतं का? नाही. जर्मन तत्त्वज्ञ रायखेनबाखनं १९२८ मध्ये दाखवलं की अर्ध्याऐवजी शून्य आणि एक यांमधला कुठलाही अपूर्णांक घेऊन घड्याळं लावता येतात. सूत्रं किचकट होतात, पण एकाही मोजणीचं भाकीत बदलत नाही. कारण जाण्यायेण्याचा वेग एका घड्याळानं मोजता येतो, एकेरी वेग मोजायला आधी जुळवणी लागते. अर्धं घेणं ही निवड आहे, आणि फार चांगली निवड आहे.

शेवटी, कुठल्या दोन घटनांचा क्रम चौकट बदलल्यावर उलटू शकतो हे ओळखायची रीत. दोन घटनांमधलं अंतर प्रकाशाला जायला किती वेळ लागतो ते काढा आणि त्यांच्यातल्या वेळेशी ताडून पाहा. आपल्या अ आणि ब मध्ये हा वेळ १० मायक्रोसेकंद. अ ला एक दिवा लागला आणि ४ मायक्रोसेकंदांनी ब ला दुसरा लागला, तर अ कडून ब कडे प्रकाशवेगाच्या ०.४ पट वेगानं जाणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी लागले असं भरेल, त्याहून वेगानं जाणाऱ्याला ब चा आधी. तेच १२ मायक्रोसेकंदांनी लागला, तर अ चा दिवा सर्वांच्याच घड्याळात आधी लागतो.